दादा, ती भुकटी खाज्याचीच होती

दादा, तुझा तेरावा उरकून म्हापशाला परत आलो त्याला दोन दिवस झाले. या दोन दिवसांत पाच वेळा कागद पुढे ओढला आणि पाच वेळा उठलो. एकदा पाणी प्यायला, एकदा खिडकी लावायला, एकदा तीच खिडकी उघडायला. बाकीच्या दोन वेळा कशाला उठलो तेही आठवत नाही. घरात बसायला जागा मुबलक आहे, पण बूड टेकत नाही. "बस मरे मातसो. मुयो चाबल्यो काय तुका?" मुंग्या चावल्या का, असं म्हणून तू मला लहानपणी बसवायचास, आणि मी बसायचो, तुझं लक्ष दुसरीकडे जाईपर्यंत.

आता बसतो. सांगायचं ते एकच आहे आणि ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर मी पुन्हा उठेन. माझ्या प्रबंधात तुझं नाव नाही.

तुला वाटायचं की आहे. सर्वणातल्या शेजाऱ्यांना, डिचोलीच्या बाजारातल्या गूळवाल्याला, इब्रामपूरपासून केरीपर्यंत ज्या ज्या जत्रेत खाज्याचं दुकान मांडलंस तिथल्या गिऱ्हाइकांना तू पुडी बांधता बांधता सांगायचास, "माजो भाव पुण्याक शिकलो. पाकाचेर जाडें पुस्तक बरयलां ताणें. तातूंत माजें नांव आसा." लोक मान डोलवायचे. खाजेकाराचं नाव इंग्रजी पुस्तकात, हे ऐकून काहींना हसू यायचं. त्यांना तू खाज्याच्या दोन कांड्या वर जास्तीच्या घालायचास. मी एकदाच हे शेजारी उभं राहून ऐकलं आणि तोंड फिरवून समोरच्या बांगड्यांच्या दुकानात काही घ्यायचं असल्यासारखा शिरलो. बायकोला न बसणाऱ्या मापाच्या बांगड्या घेऊन बाहेर आलो.

दादा, तू पाक करायचास आणि मीही पाकच करत होतो. फरक एवढाच, की तुझा पाक रवाळ झाला नाही तर तुझा घाणा फुकट, आणि माझा रवाळ झाला तर माझा फुकट. बेसनाच्या तळलेल्या कांड्या तू कायलीतल्या गुळाच्या पाकात टाकायचास, आल्याचा वास नाकात चढायचा, आणि मग लाकडी उलथन्याने तू जे हलवायला लागायचास ते प्रत्येक कांडीला कोरडी खरबरीत पुटं चढेपर्यंत. मध्ये थांबलं की सगळं चिकट. पाक आटून जड व्हायला लागला की कोनाड्यातल्या डब्यातून आदल्या घाण्याची चिमूटभर भुकटी काढून तू वरून भुरभुरायचास. "हें विरजण," म्हणायचास. भुकटी पडली की पाक बघता बघता रवाळ व्हायचा. मी ते शेकडो वेळा पाहिलं आणि एकदाही का म्हणून विचारलं नाही.

का ते मला पुण्याला कळलं. भुकटीतला एकेक रवा म्हणजे साखरेच्या कणांची शिस्तीत लागलेली रांग. पाकातले कण सैरभैर असतात. तयार रांग दिसली की ते तिच्यामागे जाऊन उभे राहतात. मला नेमकं ते नको होतं. रांग लागण्याआधीच निवलेला, काचेसारखा आरपार दिसणारा पाक मला हवा होता. त्याला काचच म्हणतात. त्यात प्रत्येक कण चहूबाजूंनी शेजाऱ्यांच्या गराड्यात असतो. त्याला हलायचं तर आधी शेजाऱ्याने हलायला हवं, आणि शेजाऱ्याला त्याच्या शेजाऱ्याने जागा द्यायला हवी. पालखी निघताना देवळाच्या दारात आपण सापडायचो, तसं. पाक अगदी थोडा आणखी निवला की एका चुळबुळीला लागणारा वेळ क्षणांवरून तासांवर जातो, तासांवरून दिवसांवर. इतकं कसं एकाएकी मंदावतं, हे अजूनही कुणाला पुरतं सांगता येत नाही. मी असल्या अर्धवट निवलेल्या पाकाला किंचित पीळ द्यायचो आणि तो पीळ आतल्या आत विरायला किती वेळ लागतो ते मोजायचो.

तू पत्रात विचारलं होतंस. तू बोलायचास कोंकणीत, पत्र लिहायचास मराठीत, आणि त्यात तुला कधी काही वावगं वाटलं नाही. "पाक घट्ट झाला म्हणजे झाला. त्यात बघायचे काय राहिले ते सविस्तर लिहिणे," असं तुझ्या गोल अक्षरात होतं. मी उत्तरात हवापाणी लिहिलं, तब्येत लिहिली, आणि पाकाबद्दल "ते पत्रात सांगण्यासारखं नाही" असं एका ओळीत लिहून मोकळा झालो. खरं तर पत्रात सांगता आलं असतं. आता वरती सांगितलंच की.

तेव्हा माझं काही धड चाललं नव्हतं, म्हणून चिडून तसं लिहिलं. नमुने टिकत नव्हते. पाक करावा, दोन काचांमध्ये भरावा, माझ्या कपाटातल्या कोमट पेटीत ठेवावा, आणि दोन दिवसांनी बघावं तर आत पांढरी बुरशी आल्यासारखे रवे. साखर तीनदा बदलली. काचा नव्या आणल्या. आमचे सर सभ्य माणूस, त्यांनी आवाज चढवला नाही, पण "हात स्वच्छ ठेवत जा" असं म्हणाले, आणि ते मला थोबाडीत मारल्यासारखं लागलं. वर्ष गेलं. रात्री झोप नाही, दिवसा चैन नाही. गावी परतून सरळ तुझ्या कायलीशी बसावं असं मनात यायला लागलं. त्या दिवसांत माझा एकच विसावा होता. प्रयोगशाळेतल्या माझ्या कपाटात तू पाठवलेला खाज्याचा डबा असायचा, आणि डोकं फिरलं की मी दोन कांड्या तोंडात टाकायचो.

मग तू आलास. सांगून नाही, असाच. पहाटे बसमधून उतरून, काखेत नवा डबा घेऊन, विचारत विचारत थेट प्रयोगशाळेच्या दारात. पायातल्या चपला तू बाहेर काढून ठेवल्यास आणि शिपाई तुझ्याकडे बघत राहिला. मला लाज वाटली, दादा. इथेच कबूल करतो, कारण पुढचं सगळं त्या लाजेतूनच आलं.

त्या दिवशी एक नमुना अजून शाबूत होता. पाकाला पीळ दिला की वर टांगलेला छोटा आरसा फिरायचा, आणि आरशावरून परतलेला उजेडाचा ठिपका भिंतीवरच्या पट्टीवर सरकायचा. पीळ जसा विरेल तसा ठिपका मागे यायचा. मी तुला स्टूल दिलं आणि म्हटलं, हा बघत बस. मला वाटलं पाच मिनिटांत कंटाळशील. तू तीन तास बसलास. मी मध्ये दहा वेळा बाहेर जाऊन आलो, एवढा वेळ माझ्याच प्रयोगासमोर मी कधी बसलो नव्हतो. परत आलो की तू मान न वळवता सांगायचास, "हालता मरे." एकदा म्हणालास, "आतां रावलो." मग थोड्या वेळाने, "ना, हालता." तुला तो ठिपका जिवंत वाटत होता.

दुपारी मी नवा डबा ठेवायला कपाट उघडलं. तू मागे येऊन उभा राहिलास.

"बाबल, हें कितें?"

"खाज्याचो डबो. तुवेंच धाडिल्लो न्हय?"

"तें दिसता. पूण तुजो पाक खंय दवरता?"

"थंयच. सकयले फळयेर."

तू खालच्या फळीवरून एक बोट फिरवलंस. बोट चाटलंस. मग परत स्टुलावर जाऊन बसलास आणि हसायला लागलास, तोंडावर पंचा धरून, कारण प्रयोगशाळेत मोठ्याने हसू नये एवढं तुला कळत होतं.

"तुवें विरजण घालून दवरलां," तू म्हणालास, "आनी दूद विरजलें कित्याक म्हूण विचारता?"

मी चिडलो. म्हटलं, एवढ्याशा भुकटीने काय होणार, डोळ्यांनाही दिसत नाही ती. तू विचारलंस, "विरजण कितलें लागता?" मी म्हटलं, चल, जेवायला जाऊ.

तू गेल्यावर मी कपाट धुतलं, काचा धुतल्या, पेटी धुतली. जे सदरे घालून मी खाजं खात असे ते सगळे धुवायला टाकले. डबा खोलीवर नेला आणि खोलीवरही हात धुतल्याशिवाय बाहेर पडेनासा झालो. पुढचा नमुना दोन महिने आरपार राहिला. पुढचे सगळेच राहिले. सर म्हणाले, आता हाताला वळण आलं. वर्षभर मला आणि सरांना न दिसलेली गोष्ट तू बोट चाटून सांगितलीस, आणि मी सरांसमोर मान खाली घालून हसलो.

प्रबंधात मी काय लिहिलं ते ऐक. "नमुने हवेतील धुळीपासून काळजीपूर्वक वेगळे ठेवण्यात आले." धुळीपासून. आणि सुरुवातीच्या आभाराच्या पानावर सरांचं नाव, आईचं नाव, सोबत्यांची नावं, आणि आरसा टांगायची नाजूक तार ज्याने बसवून दिली त्या वर्कशॉपातल्या मिस्त्रीचं नाव. तुझं घालायचं तर कशाबद्दल ते घालावं लागलं असतं. म्हणजे मी वर्षभर नमुन्यांशेजारी बसून जत्रेतलं खाजं खात होतो हे लिहावं लागलं असतं, आणि परीक्षक हसले असते. एवढंच कारण असतं तर मी आज शांत बसलो असतो. दुसरंही होतं. माझा भाऊ खाजं विकतो हे त्या पानावर मला नको होतं.

प्रबंध घेऊन सर्वणाला आलो तेव्हा तू कायलीशी होतास. घाणा उतरवलास, कोपरापर्यंत हात धुतलेस, पुसलेस, पुन्हा धुतलेस, आणि खुर्चीत बसून पुस्तक मांडीवर घेतलंस. नाव आहे का, असं तू विचारलंच नाहीस. तसं विचारलं असतंस तर मी कदाचित नाही म्हटलं असतं. तू विचारलंस, "माजें नांव खंय आसा?"

मी पान उघडलं आणि बोट ठेवलं. माझ्या बोटाखाली त्या मिस्त्रीचं नाव होतं.

तू बराच वेळ बघत होतास. मग म्हणालास, "आमचें नांव इंग्लिशींत इल्लेंशें दिसता." वहिनीला हाक मारून तिलाही ते एवढंसं नाव दाखवलंस. तिनेही पदराला हात पुसून त्या नावावरून बोट फिरवलं.

त्यानंतर तू ते पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून दुकानाच्या पेटीत ठेवायला लागलास, आणि माझी झोप पुन्हा गेली. जत्रेत मास्तर येतात, बँकेतले लोक येतात. कुणीही ते पान वाचू शकलं असतं. दुसऱ्या वर्षी मी आलो आणि म्हटलं, पुस्तक मला हवंय, मुलांना शिकवायला लागतं. तू पेटीतून काढून दिलंस. "व्हर. तुजेंच तें." एक शब्द जास्त नाही. तो तुझा साधेपणा होता की तोवर कुणीतरी वाचून दाखवलं होतं, हे मला आता कधीच कळणार नाही. त्यानंतर दर चवथीला मी तुझ्या तोंडाकडे बघायचो आणि काही सापडतंय का ते शोधायचो. तू मोदकाचं ताट पुढे करायचास.

आपली भांडणं मात्र दुसऱ्याच गोष्टींवरून झाली. एक त्या काचेवरूनच. तू म्हणायचास, "तुजो पाक घट्ट जावंक ना. तो अडकला." मी म्हणायचो, एकच ते, कडक ते कडक. "न्हय. घट्ट जालें तें बसता. अडकलें तें वाट पळयता." मी हसलो होतो. मग तू विचारलंस, "मागीर सुटटलें केन्ना?" मी सांगितलं की तापमान उतरत गेलं की माणसाच्या आयुष्यात मावणार नाही इतका वेळ लागतो. तू म्हणालास, असं कसं, कुणीतरी उलथनं घालायला हवं. मी म्हटलं, उलथनं घातलं तर ती काचच राहणार नाही. तू म्हणालास, नसेना का. तिथे आईने जेवायला हाक मारली आणि ते तसंच राहिलं. त्यानंतर माझ्या वर्गातल्या कित्येक मुलांना मी तुझं ते वाक्य सांगितलं आहे, घट्ट झालेलं बसतं आणि अडकलेलं वाट बघतं. मुलांना ते आवडतं, वहीत लिहून घेतात. वाक्य कुणाचं ते मी तिथेही सांगितलं नाही. म्हणजे चोरी एकदाच झाली असंही नाही.

दुसरं भांडण राजभाषेवरून. गोव्यात घराघरांत दोन तट पडले होते. कोंकणीवाले सह्या घ्यायला आले तेव्हा तू सही दिलीस, मराठीवाले आले तेव्हाही दिलीस. मला हे कळल्यावर मी म्हापशाहून मुद्दाम सर्वणाला आलो, अंगणात उभा राहून तुझ्यावर ओरडलो. माणसाने एक काय ते ठरवावं, दोन्हीकडे सही करणं म्हणजे कुणालाच सही न दिल्यासारखं आहे, लोक तुला वेडा म्हणतील. तू लाकडं फोडत होतास. थांबलास आणि म्हणालास, "दोनूय भासो माज्योच न्हय? नांव मागलें, दिलें. नांव दिल्यार मनशाचें कितें उणें जाता?" तू प्रबंधाबद्दल बोलत नव्हतास, मला ठाऊक आहे. पण मी चहाही न घेता परतलो. पुढे वेगळं राज्य झालं, सगळीकडे वाद निवले, आणि तू त्या भांडणाचा कधी उल्लेख केला नाहीस. मी वाट बघत होतो की तू करशील, म्हणजे मला काहीतरी बोलता येईल.

सगळी रड लावलीय मी. तसं नव्हतं, दादा. मॅट्रिकच्या वर्षी घाण्याच्या दिवसांत तू मला चुलीपासून लांब, दाराशी, घरातल्या एकुलत्या एक खुर्चीत बसवायचास आणि स्वतः धुरात उभा राहायचास. मी मोठ्याने वाचायचो. तुला त्यातलं काही कळत नसे, पण मी अडखळलो की तू उलथनं न थांबवता म्हणायचास, "तें परत वाच." तुला अडखळणं ऐकू यायचं. मी आज भौतिकशास्त्र शिकवतो ते त्या "परत वाच"मुळे. हे तोंडावर सांगितलं असतं तर तू लाजून पाणी आणायला उठला असतास. तरी सांगायला हवं होतं.

तुझ्या शेवटच्या दिवसाबद्दल लिहीत नाही. मी उशिरा पोचलो, एवढंच.

दहाव्या दिवशी वहिनी म्हणाली, "भावोजी, तें पुस्तक हाडात. फोटोकडेन दवरुंया. तेराव्याक लोक येतले, पळयतले." तुझी सुलू आता कॉलेजात आहे. ती म्हणाली, "काका, बाबांचें नांव आसा तें पान हांव वाचून दाखयतां." मी हो म्हणालो, आणतो पुस्तक. पुन्हा हो म्हणालो, दादा. जिभेला वळणच तसं पडलंय.

अकराव्या दिवशी म्हापशाला जाऊन मी टायपिंगच्या क्लासात एक पान टाईप करून घेतलं. आभाराचं पान, होतं तसंच, फक्त मिस्त्रीच्या वर तुझं नाव. मग पुस्तक आणि पान घेऊन बायंडरकडे गेलो. त्याने विचारलं, जुनं पान काढू का? त्याच्या हातात सुरी होती. तुला दाखवलेली ती ओळ निदान खरीखुरी छापलेली होती. आता मी सुलूच्या बोटाखाली छापलेलंही खोटं ठेवणार होतो. मी पुस्तक त्याच्या हातातून काढून घेतलं. तो म्हणाला, पेज फाटेल साहेब, सांभाळून.

बाराव्या दिवशी सर्वणाला गेलो. वहिनी ओसरीवर तांदूळ निवडत होती, सुलू शेजारी होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. वहिनीचे हात थांबले नाहीत. बराच वेळ ती खडे बाजूला काढत राहिली. सुलू उठून आत गेली.

"तांकां खबर आशिल्ली?" वहिनीने विचारलं.

"माका खबर ना, वहिनी."

मी ते टाईप केलेलं पान खिशातून काढून दाखवलं. तिने हातात घेतलं, उजेडाकडे धरलं. "हें आदलें न्हय. आतां मारलां."

"हय."

"मागीर हें चोरीचें." तिने ते घडी घालून परत माझ्या हातात दिलं.

मी म्हटलं, उद्या सगळ्यांसमोर उभा राहून खरं ते सांगतो. मला वाटलं, यावर तरी तिला बरं वाटेल. तिने सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

"आनी लोक कितें म्हणटले? ते आयुश्यभर फटी मारीत भोंवले म्हणटले. तुमी खरें उलोवन मेकळे जातले, आनी ते फटिंग थारतले."

माझ्या खऱ्यापायी तू खोटारडा ठरशील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतकी वर्षं मी माझ्या खोटेपणाने तळमळत होतो, आणि तेव्हाही फक्त माझीच काळजी करत होतो. मी खाली बसलो. वहिनीने सूप पुन्हा ओढलं. थोड्या वेळाने ती तांदळाकडे बघतच म्हणाली, "खोटें आसा जाल्यार खरें करात. खंयूय छापून हाडात. तांचें नांव, आनी कित्याक तें."

तेराव्याला लोक आले. फोटोशेजारी समई होती, फुलं होती, पुस्तक नव्हतं. केरीचे एक म्हातारे मास्तर, तुझे जुने गिऱ्हाईक, त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं की नाव छापलेलं ते पुस्तक कुठे आहे, मला बघायचं होतं. वहिनीने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती म्हणाली, "भावोजी हाडटले."

ते आणायचं म्हणून हे लिहितोय. इथल्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीला भावाबद्दल काही देतो असं सांगून आलोय. त्यांनी जागा ठेवली आहे. तू कुठे जन्मलास, किती शिकलास, मागे कोण कोण, हे त्यांना हवं होतं. ते यात नाही. मास्तर वाचतील तेव्हा त्यांना कळेल की तू सांगत होतास ते तेव्हा खरं नव्हतं, आणि ते खोटं तुझं नव्हतं, माझं होतं. वहिनीला हे आवडेल की नाही ठाऊक नाही. एवढं वाचून ती कदाचित माझ्याशी बोलणार नाही. सुलू तर अजून बोलत नाही.

आभाराच्या पानावर जे यायला हवं होतं ते खाली लिहितो. मराठीत लिहितो, म्हणजे तुला ते कुणाकडून वाचून घ्यावं लागलं नसतं.

साखरेच्या पाकाचे नमुने वर्षभर रवाळ होत राहिले. कपाटात ठेवलेल्या खाज्याची भुकटी हे त्याचं कारण होतं. ते कारण माझे थोरले बंधू गुणाजी पांडुरंग गावस, खाजेकार, राहणार सर्वण, डिचोली, यांनी एका दुपारी ओळखलं. मला ते ओळखता आलं नव्हतं.